सैनिकांच्या नावाने फिरणारे तोतये

'तोतया' हा शब्द आपण बोलताना सहज वापरतो. कोणी खोटे नाव सांगून पुढे आला की आपण म्हणतो, हा तोतया दिसतो. पण महाराष्ट्रात हा शब्द ज्या हकीकतीने घरोघर पोचवला, ती हकीकत रणांगणावरून परत न आलेल्या एका सेनापतीची आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. सदाशिवरावभाऊ त्या दिवशी गर्दीत दिसेनासे झाले. ते पडले हे पुढे कळले, तरी पुष्कळांच्या मनातली शंका गेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई तर अखेरपर्यंत पती हयात आहेत असेच मानून राहिल्या. आणि पार्वतीबाई काही एकट्या नव्हत्या. त्या एका दिवसाने महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत वाट पाहणारी माणसे मागे ठेवली होती.

अशा वेळी उत्तरेकडून एक कनोजा ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढे आला. पुण्याला त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. पण गोष्ट तेथे संपली नाही. १७७६ साली, तो रत्नागिरीच्या किल्ल्यात अटकेत असता, खुद्द किल्ल्यावरचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला उचलून धरले. बघता बघता हजारो माणसे जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि ते बंड मोडायला पेशव्यांच्या कारभाऱ्यांना फौजा पाठवाव्या लागल्या. त्या वर्षाच्या अखेरीस तो पकडला गेला आणि त्याला देहान्त शासन झाले.

आता विचार करा, चौकशीत एकदा खोटा ठरलेला माणूस पुन्हा एवढा मोठा कसा झाला? तो फार हुशार होता म्हणून नव्हे. भाऊसाहेब परत यावेत अशी लोकांची मनापासून इच्छा होती म्हणून. तोतया जगतो तो दुसऱ्याच्या सद्भावनेवर. आज मला ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे ते तोतये तख्त मागत नाहीत, शंभर-पाचशे रुपये मागतात. पण ते उभे राहतात त्याच जागी, म्हणजे सैनिकाविषयी आपल्या मनात जो आदर आहे आणि थोडीशी अपराधी भावनाही आहे, तिच्या दारात. माजी सैनिकांच्या, वीरपत्नींच्या, जायबंदी जवानांच्या नावाने उभारलेले खोटे मदतनिधी, हा आजचा विषय.

सैनिकाच्या मागे त्याच्या घरादाराची व्यवस्था कोणी पाहावी, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मराठ्यांच्या राज्यात लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी सरकारातून नेमणूक करून देत. तिला 'बालपरवेशी' असा सुरेख शब्द होता. ही नेमणूक सरकारी दप्तरात नोंदली जाई. कोणाला, किती, कशाबद्दल हे कागदावर असे. येथे दान नव्हते, उपकार नव्हता. राज्याने आपले देणे फेडले, एवढाच अर्थ. आणि जेथे देणे दप्तरातून फेडले जाते, तेथे तोतयाला फारसा वाव राहत नाही.

आपल्या नागपूरपुरते बोलायचे तर १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली आणि १८२१ साली कामठीला छावणी वसली. तेव्हापासून फौज ही या भागाच्या जीवनातली नित्याची गोष्ट झाली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचे केंद्र आज कामठीलाच आहे. पेन्शन घेतलेला सुभेदार, हवालदार हा आपल्या आसपासच्या गावांत अनोळखी माणूस नाही.

पण पेन्शन सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही आणि सन्मानही आला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा इंग्रज सरकारने १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती पुन्हा गरज पडली तेव्हा. लढाई चालू असते तोवर शिपायाच्या गळ्यात हार पडतात. लढाई संपली की तोच शिपाई कचेरीच्या पायरीवर अर्ज घेऊन बसलेला दिसतो. हार आणि अर्ज यांच्यामध्ये जी फट राहते ती बुजवायला लोकांची वर्गणी पुढे येते. त्याच फटीतून तोतयाही आत शिरतो.

पहिल्या महायुद्धात वर्गण्यांना मोठा ऊत आला. १९१४ साली युद्ध सुरू होताच हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या पुढाकाराने इंपीरियल इंडियन रिलीफ फंड निघाला. १९१७च्या डिसेंबरात 'अवर डे' नावाने रेडक्रॉससाठी देशभर पैसा गोळा झाला. इंग्लंडात तर गल्लोगल्ली फंड निघाले. सैनिकांना मोजे, सैनिकांना सिगारेटी, जखमींना फळे, विधवांना मदत, असे नाना प्रकार. त्यांत पुष्कळ प्रामाणिक होते, काही अजागळ होते आणि काही सरळ सरळ लबाड होते. लोक विचारू लागले की एवढा पैसा जातो कोठे? तेव्हा १९१६ साली ब्रिटिश पार्लमेंटने वॉर चॅरिटीज ॲक्ट नावाचा कायदा केला.

हा कायदा वाचण्यासारखा आहे, कारण त्यातल्या अटी अगदी घरगुती शहाणपणाच्या आहेत. युद्धाच्या नावाने लोकांकडे पैसे मागायचे असतील तर आधी नोंदणी करा. कारभार एकट्या माणसाच्या हाती नको. निदान तीन जबाबदार माणसांची समिती हवी. सभेचे टिपण ठेवा. हिशेब ठेवा आणि तो तपासून घ्या. जमलेला पैसा स्वतंत्र बँक-खात्यात भरा. बस्स, एवढेच. पण या चार-पाच अटींनी पुष्कळांची दुकाने बंद पडण्यासारखी होती, कारण लबाड निधीला अंधार लागतो आणि प्रत्येक अट ही एकेक खिडकी होती.

तरीही कायद्याच्या खिडक्या सगळीकडे पोचत नाहीत. त्याच काळात होरेशिओ बॉटमली नावाचे गृहस्थ इंग्लंडात गाजत होते. 'जॉन बुल' या खपाच्या साप्ताहिकाचे ते संपादक आणि 'सैनिकांचा मित्र' म्हणून प्रसिद्ध. सैन्यभरतीच्या सभांतून त्यांनी लोकांना अक्षरशः रडवले. युद्ध संपल्यावर याच लोकांना त्यांनी सांगितले की सरकारी विजय-रोखे महाग पडतात, तुम्ही थोडे थोडे पैसे माझ्याकडे द्या, मी सर्वांच्या वतीने रोखे घेतो. देशभक्तीच्या भरात गरीब माणसांनी साठवलेले पौंड त्यांच्याकडे धाडले. पैशाला पाय फुटले. १९२२ साली न्यायालयाने बॉटमली यांना सात वर्षांची सक्तमजुरी दिली. हा काही धर्मादाय निधी नव्हता, पण युक्ती तीच. आधी सैनिकाविषयीची भावना जागी करायची आणि ती ओली आहे तोवर हात पुढे करायचा.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. निधी खोटा नसला तरी त्याचा पैसा जातो कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. ११ नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा दिवस. त्या दिवशी लाल पॉपीची कागदी फुले विकून पैसा जमवण्याची प्रथा इंग्लंडात १९२१ साली सुरू झाली आणि साम्राज्यभर पसरली. हिंदुस्थानातही हा 'पॉपी डे' होई. पैसा येथे जमे, पण तो मुख्यतः ब्रिटिश माजी सैनिकांच्या कामी येई. हिंदी सैनिकाच्या वाट्याला काय यावे हे वरिष्ठांच्या मर्जीवर असे. सिलोनातही असाच प्रकार होता. तेथे १९३१ साली सिलोनी माजी सैनिकांतूनच विरोध उठला. ११ नोव्हेंबरलाच त्यांनी पॉपीऐवजी 'सुरिया' नावाचे पिवळे देशी फूल विकायला काढले, हेतू हा की आपल्या लोकांचा पैसा आपल्या सैनिकांना मिळावा. ही 'सुरिया मल' चळवळ पुढे तेथील स्वातंत्र्याच्या राजकारणात जाऊन मिळाली. पॉपीचा निधी खोटा मुळीच नव्हता. पण देणाऱ्याच्या मनातला सैनिक एक आणि घेणारा सैनिक दुसरा, असे झाले की विश्वासाला तडा जातोच.

आपल्या देशाने स्वातंत्र्यानंतर याचे उत्तर दिले ते ध्वजदिनाच्या रूपाने. संरक्षणमंत्री सरदार बलदेवसिंग यांच्या काळात, ऑगस्ट १९४९ मध्ये, दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळण्याचे ठरले आणि त्याच वर्षीच्या ७ डिसेंबरला पहिला ध्वजदिन झाला. त्या वेळी नागपूर हे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानीचे शहर होते आणि आपल्या या नागपूर आकाशवाणी केंद्राला जेमतेम दीड वर्ष होत आले होते. छोट्या कागदी ध्वजावर तीन रंग: लाल भूसेनेचा, गडद निळा नौसेनेचा आणि फिकट निळा वायुसेनेचा. शाळा-कॉलेजांतली मुले हे ध्वज घेऊन येतात, आपण तो छातीला टाचणीने लावतो आणि डब्यात पैसे टाकतो.

हा डबा कोणाचा, हे समजून घेतले पाहिजे. १९१९ साली इंग्रजी अमदानीत इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले होते. त्याचेच नाव १९५१ साली बदलले आणि १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखले जाते. त्याच्या खाली राज्याचे सैनिक कल्याण खाते, आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जिल्ह्याचे संकलन कलेक्टरांच्या देखरेखीखाली होते. पूर्वी निरनिराळे निधी वेगवेगळे चालत. १९९३ साली त्यांतले प्रमुख एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी करण्यात आला. म्हणजे तुम्ही डब्यात टाकलेल्या दहा रुपयांना एक वाट आहे, त्या वाटेवर कचेऱ्या आहेत, आणि प्रत्येक कचेरीला दार आहे. ते दार ठोठावून विचारता येते. खऱ्या निधीची ही सर्वांत मोठी खूण.

संकटाच्या दिवसांत मात्र माणूस दार ठोठावीत बसत नाही. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला, आणि देशभर बायांनी हातांतल्या बांगड्या उतरवून दिल्या. ती भावना खरी होती आणि तिच्यासाठी सरकारी निधीची नोंदलेली वाटही होती. अशी भावना पुन्हा पुन्हा उसळते, आणि आता तिला हातातल्या मोबाईलची जोड मिळाली आहे. २०१६ सालापासून एक निरोप लोकांच्या फोनवर फिरत आला. एका लोकप्रिय सिनेनटाच्या सूचनेवरून मंत्रिमंडळाने खाते उघडले आहे, रोज एक रुपया भरा, सैन्यासाठी शस्त्रे घ्यायची आहेत, असा त्याचा आशय. सैन्याला तेव्हाच खुलासा करावा लागला की ते खाते धारातीर्थी पडलेल्या व जायबंदी जवानांच्या कुटुंबांसाठी आहे, शस्त्रखरेदीसाठी नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तोच निरोप नव्याने फिरू लागला आणि संरक्षण मंत्रालयाला पुन्हा सांगावे लागले की हा निरोप दिशाभूल करणारा आहे आणि त्यातला खात्याचा तपशीलही चुकीचा आहे. निरोप पाठवणाऱ्या लाखो लोकांत बहुतेक जण प्रामाणिकच असणार. पण रत्नागिरीच्या तोतयामागे जमलेले हजारो लोक तरी कोठे लबाड होते?

या विद्येचा कळस पाहायचा तर अमेरिकेत पाहावा. फ्लोरिडात 'यू. एस. नेव्ही व्हेटरन्स असोसिएशन' नावाची संस्था होती. हजारो सभासद, अनेक राज्यांत शाखा, पदाधिकाऱ्यांची लांबलचक यादी, सगळे कागदावर व्यवस्थित. तिने सुमारे दहा कोटी डॉलर गोळा केले. २०१० साली तेथील एका वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी साधी गोष्ट केली. त्यांनी यादीतल्या माणसांना भेटायचे ठरवले. शाखा म्हणून दिलेल्या पत्त्यांवर टपालपेट्या निघाल्या आणि एवढ्या मोठ्या यादीतून प्रत्यक्ष सापडला तो एकच माणूस, स्वतःला बॉबी थॉम्पसन म्हणवणारा. तो पळाला. २०१२ साली पकडला गेला, तेव्हा त्याच्याशी संबंधित एका भाड्याच्या गाळ्यात जवळजवळ दहा लक्ष डॉलर रोख मिळाले. मग कळले की बॉबी थॉम्पसन हे नावही त्याचे नव्हते; तो जॉन डोनाल्ड कोडी, कायद्याचा पदवीधर. २०१३ साली त्याला २८ वर्षांची शिक्षा झाली.

दुसरा प्रकार याहून सौम्य दिसतो, पण तो जास्त फसवा आहे. तेथे संस्था खरी असते, नोंदणीही खरी असते, फक्त सैनिकापर्यंत पैसा पोचत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा एका संस्थेवर आरोप ठेवला की जमलेल्या देणग्यांपैकी सुमारे ९५ टक्के रक्कम वर्गणी गोळा करण्यात, कारभारात आणि चालकाच्या पगारात गेली. म्हणजे शंभरातले पाचच उरले. म्हणून नोंदणीचा दाखला पाहून समाधान मानू नये. दाखल्यावरून संस्था आहे एवढे कळते. ती काय करते हे हिशेबावरून कळते.

मग आपण नागपूरकरांनी तोतया ओळखावा कसा? इतिहासाने शिकवलेल्या खुणा मी थोडक्यात सांगतो.

पहिली खूण घाईची. "आत्ताच द्या, आजचा शेवटचा दिवस आहे" असे म्हणणाऱ्यापासून जपावे. विधवेची गरज आज आहे तशी उद्याही राहणार आहे. खरा निधी तुम्हांला उद्या येऊ देतो.

दुसरी खूण नावाची. खोटी संस्था आपले नाव सरकारी खात्याच्या नावासारखे ठेवते. 'राष्ट्रीय' आणि 'सैनिक' हे शब्द त्यात बहुधा सापडतात, शेजारी एखादे सिंहमुद्रेसारखे चित्र. सरकारी बोधचिन्हांच्या व नावांच्या गैरवापराविरुद्ध १९५० सालापासून कायदा आहे. तेव्हा नाव ऐकून थांबू नका, कागदावरचे पूर्ण नाव वाचा.

तिसरी खूण गणवेशाची. लष्करी वेष घालून दारोदार पैसे मागणे हे खऱ्या सैनिकाचे काम नव्हे. सैनिक नसताना सैनिक भासावे म्हणून तसा वेष करणे हा जुन्या दंडसंहितेच्या १४०व्या कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमाखाली आजही आहे, आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच वेष हल्ली फोनवरच्या छायाचित्रातही दिसतो.

चौथी खूण खात्याची. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात जातात की एखाद्या माणसाच्या खासगी खात्यात? १९१६च्या कायद्याने घातलेली स्वतंत्र खात्याची अट आजही तितकीच उपयोगी आहे. पावती मागा. पावतीवर नोंदणी क्रमांक व पत्ता आहे का ते पाहा आणि नागपूरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तो पडताळता येतो हे लक्षात ठेवा. १९५१ साली नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना येथे सार्वजनिक न्यासांचा कायदा आला. पुढे मुंबई राज्याचा १९५०चा कायदा विदर्भालाही लागू झाला आणि आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणून चालू आहे. नोंदलेल्या संस्थेला हिशेब द्यावा लागतो, आणि तो पाहण्याची सोय आहे.

पाचवी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विचारा, "आपण मदत कोणाला केली?" नाव सांगायला नको, कारण वीरपत्नीचे दुःख चारचौघांत मांडण्याची वस्तू नव्हे. पण कोणत्या तालुक्यात, कशासाठी, किती जणांना, हे खरी संस्था न अडखळता सांगते. तोतयाकडे गहिवर भरपूर असतो, तपशील नसतो. आणि शंका राहिलीच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या नोंदी तेथे असतात. फोनवरून पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हीच सावधगिरी माजी सैनिकांच्या घरांनीही बाळगली पाहिजे. "तुमची थकबाकी मंजूर झाली आहे, आधी थोडे शुल्क भरा," किंवा "पेन्शनचा दाखला करून देतो, फोनवर आलेला आकडा सांगा," असे म्हणणारेही याच जातीचे. देणे मिळवण्यासाठी आधी अनोळखी माणसाला पैसे भरावे लागत नाहीत.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग देऊच नये हे बरे. नाही, असे म्हणू नका. तोतयाने आपले शंभर रुपये नेले तर ते नुकसान आपले. पण त्या फसवणुकीने आपण दार लावून घेतले, तर नुकसान दुसऱ्याच कोणाचे तरी होते. खेड्यात एखादी बाई मुलांच्या फीची जुळवाजुळव करीत असते, पाय गमावलेला एखादा जवान नव्या धंद्याच्या भांडवलाची वाट पाहत असतो. तोतयाचा खरा गुन्हा त्यांच्याशी असतो. तो त्यांच्या वाट्याचा विश्वासच चोरून नेतो, आणि पैशासारखा तो लवकर भरून येत नाही.

म्हणून येत्या ७ डिसेंबरला ध्वज जरूर लावा आणि देणगी जरूर द्या. वर्षभरात आणखी कोणी सैनिकांच्या नावाने आले तर त्यांना बसायला सांगा, पाणी द्या आणि हिशेब विचारा. खरा माणूस त्याने दुखावत नाही. तो म्हणतो, "बरे झाले विचारलेत," आणि पिशवीतून वही काढतो.